गनला कोणी हात लावायचा नाही

२३ ऑक्टोबर, सोमवार

शेडमधली पहिली खंडेनवमी पार पडली. सरकारी बांधकाम खात्यात होतो तेव्हा दर वर्षी मी टेप, ओळंबा आणि लेव्हल पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचो आणि दिल्लीकर सहकारी "क्या श्रीरंगजी, फीते की पूजा?" म्हणून हसायचे. आज पाटावर स्वतःचं यंत्र होतं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन हा उद्योग मांडला तेव्हा हेच लोक म्हणाले होते की आता गप घरी बसा. बसलो नाही.

यंत्र तसं फ्रिजएवढं. त्यातून निघणाऱ्या केबलच्या टोकाला हातात धरायची गन. स्टेनलेस स्टीलचे दोन पाइप लेसरने जोडायचे, आणि जोड असा यायला हवा की वरून बोट फिरवलं तरी कळू नये. जोडणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो कुठे पडणार हे समजावं म्हणून त्याच्याबरोबर एक निरुपद्रवी लाल ठिपका पडतो. गनच्या तोंडाशी तांब्याची नोझल असते, तिच्या भोकात हा ठिपका अगदी मधोमध दिसला पाहिजे. हा शेडचा दुसरा नियम. पहिला नियम मी दारावर पाटी करून लावला आहे: गनला कोणी हात लावायचा नाही. मी, किंवा मी समोर असताना अविनाश. बस.

सरलाने ऑफिसातून अर्धी रजा काढली होती. तिने नळाशी बसून पूजेचं ताम्हन, पळी, तांब्या, सगळं चिंचेने घासून लखलखीत केलं. मी तोवर शेजारच्या शेडवाल्याला खंडेनवमीचं माहात्म्य सांगत होतो. पूजेला बसलो तर गनची नोझलसुद्धा नव्या भांड्यासारखी चमकत होती. मी अविनाशला शाबासकी दिली. तो म्हणाला, "मी नाही भाऊजी, हे तर..." आणि सरलाकडे बघून थांबला. वाक्य अर्धवट सोडायची त्याची जुनी सवय. सरलाचा धाकटा भाऊ, म्हणून चालवून घ्यायचं.

त्याच्याबद्दल एक मात्र कबूल करायला हवं. गन धरावी तर त्यानेच. माझ्या शब्दावर गुरुग्राममधली काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून तो भागीदार झाला, आणि महिन्याभरात त्याचा हात बसला. तो नसता तर हे यंत्र मी नुसतं पुजलंच असतं.

२५ ऑक्टोबर, बुधवार

दसरा झाला, काम सुरू. पहिली मोठी ऑर्डर आहे, गुरुग्राममधल्या एका सोसायटीच्या रॅम्पचे आणि जिन्यांचे कठडे. तिथे म्हातारी माणसं बरीच. ती या कठड्यांवर भार टाकून चालणार, तेव्हा जोड पक्का हवा, दिवाळीच्या आत हवा.

सकाळी गन चालू केली तर लाल ठिपका डावीकडे, नोझलच्या कडेला चिकटलेला. अविनाश म्हणाला, "एकदा नोझल काढून बघू या का?" मी म्हटलं, नोझल म्हणजे भोक पाडलेला तांब्याचा तुकडा, त्याला काय धाड भरलीये? किरण सरकलाय. यंत्राच्या पडद्यावर किरण डावी-उजवीकडे सरकवायचा एक आकडा असतो. तो बदलत गेलो, ठिपका बरोबर मधोमध आला. चहा येण्याच्या आत दोष दूर. अनुभव वाया जात नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दोष दूर झालेला नाही.

ठिपका मधोमध दिसतो, पण नोझल तव्यासारखी तापते, आणि जोडाची रेघ एका अंगाला झुकते. तिच्या एका बाजूला काजळी. नमुन्याचा तुकडा शिकंज्यात धरून हातोडा मारला तर पापडासारखा तुटला. अविनाश म्हणाला, डब्यातली नवी नोझल लावून बघू. मी परवानगी दिली नाही. आधी कारण, मग बदल; माझी अख्खी नोकरी या नियमावर झाली. कारण न शोधता सुटे भाग बदलत बसलं की दोष राहतो तिथेच आणि भांडार रिकामं होतं. डब्याची किल्ली माझ्या खिशात आहे.

विक्रेत्याला फोन केला. "पैरामीटर देख लीजिए सर." एवढं सांगायला माणूस कशाला ठेवतात?

यंत्र निवडण्यातच माझं चुकलं की काय, असं आज पहिल्यांदा वाटलं. सरलाजवळ बोललो नाही. तिला उगाच काळजी.

३० ऑक्टोबर, सोमवार

सोसायटीचे सेक्रेटरी खुराना साहेब अचानक आले. कोपऱ्यात ठेवलेला कठड्याचा नमुना त्यांनी दोन्ही हातांनी दाबला आणि जोड उकलला. माणूस सभ्य. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "इसे हमारी माताजी पकड़ेंगी, श्रीरंगजी."

काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "लड़के का हाथ अभी बैठा नहीं है." अविनाश छत्तीस वर्षांचा आहे. तो पाइप पुसत राहिला. बोलून झाल्यावर क्षणभर बरं वाटलं नाही, पण यंत्राला दोष दिला असता तर ऑर्डरच गेली असती. ते दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत थांबायला तयार झाले.

घरी येताना गाडीत विचार करत होतो. पूजेपर्यंत गन उत्तम होती. पूजेनंतर बिघडली. मधल्या काळात मी तिला हात लावलेला नाही. म्हणजे कोणाच्या तरी हातून ती पडली आहे, आतली भिंगं हलली आहेत. आणि गन हाताळणारे आम्ही दोघंच.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

अविनाशला जेवायला बोलावलं. शेडमध्ये विषय नको म्हणून घरी. पिठलं-भात झाल्यावर सरळ विचारलं, "गन पडली का तुझ्या हातून?"

सरलाच्या हातातली पळी मध्येच थांबली. ती म्हणाली, "अहो, ऐका ना, मला जरा..." मी म्हटलं, तू थांब, हा आमच्या कामाचा विषय आहे. अविनाशने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "हो. पडली असेल माझ्याच हातून."

पडली असेल! चोराच्या मनात चांदणं. माझा अंदाज खरा ठरला याचं समाधान मानायला हवं होतं, पण वाईट वाटलं. चूक झाली तर सांगावी. मी काय खाणार आहे? मग मी त्याला शांतपणे समजावलं: प्रामाणिकपणा म्हणजे काय, भागीदारी म्हणजे काय, खात्यात अशा वेळी आम्ही काय करायचो. जरा लांबलं खरं. आमच्या लेकीने, अलकनंदाने, मध्येच उठून खिडक्या लावून घेतल्या. सध्या हवेचा आकडा फारच वाईट आहे.

१ नोव्हेंबर, बुधवार

दूध आणायला गेलो तर समोरचे मिश्राजी म्हणाले, "घर में सब ठीक है ना?" लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांच्या भिंती पातळ, आणि लोकांना दुसऱ्यांच्या घरात कान द्यायची हौस. क्वार्टर सरलाच्या नावावर आहे, तेव्हा मी तक्रारही करू शकत नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

अविनाश आला नाही. दुपारी निरोप आला: "भाऊजी, थोडे दिवस नाही येणार. जुन्या कंपनीतून बोलावणं आहे, विचार करतोय."

फोनच्या पडद्याकडे बघत बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग चष्मा चढवून, हातमोजे घालून स्वतः गन धरली. माझा जोड म्हणजे मुंग्यांची चुकलेली वाट. हात थरथरत नाही, पण चाल एकसारखी राहत नाही. कुठे पाइपला भोक, कुठे धातू वितळलेलाच नाही. गन सरळ करण्याइतकी अक्कल मला आहे. ती चालवण्याइतका हात नाही. अविनाश गेला तर ही शेड बंद करावी लागेल. हे कोणाला म्हणणार नाही, पण इथे लिहितो: मला भीती वाटते आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज कोणीच नव्हतं, तेव्हा नेमाने करायचं ठरवलं.

आधी नोझलच्या तोंडाला चिकटपट्टी लावली, वाया गेलेल्या पत्र्याला टेकवून अगदी कमी ताकदीने एकच टिचकी मारली. पट्टीला भोक पडलं ते मधोमध. म्हणजे किरण ठिपक्याबरोबरच आहे. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बदललेला आकडा परत कारखान्याच्या मूळ आकड्यावर आणला. ठिपका पुन्हा डाव्या कडेला. इथपर्यंत सगळं तेच.

मग सहज नोझल अर्धा आटा सैल केली, आणि ठिपका उजव्या कडेला गेला.

मी खाली स्टुलावर बसलो. किरण वाकडा असता तर नोझल कशीही फिरवा, ठिपका त्याच बाजूला राहिला असता. कड नोझलबरोबर फिरली, म्हणजे नोझल वाकडी बसली आहे. किरण पहिल्यापासून सरळच होता. वाकड्या नोझलच्या मापाने मीच त्याला आकडा बदलून तिरका केला होता. नाचता येईना अंगण वाकडं. इथे तर सरळ अंगण मीच उकरून वाकडं केलं.

नोझल पूर्ण काढून भिंगातून पाहिली. आतल्या आट्यांमध्ये काळपट, वाळून कडक झालेला चिकटा, त्यात एक बारीक तंतू. टाचणीने काढून हुंगला. आंबट. चिंच!

सगळा उलगडा झाला. अविनाशला चिंचेच्या गोळ्या चघळायची सवय आहे, खिशात पुडी असतेच. चिकट हातांनी नोझल काढली असणार. त्याला गन सोडून बाकी कशातच शिस्त नाही.

आटे साफ केले. नोझल नीट बसवली, मूळ आकड्यावर ठिपका मधोमध. तुकडा जोडला, ओबडधोबड, पण हातोड्याने तुटला नाही. एकट्यानेच टाळी वाजवली.

५ नोव्हेंबर, रविवार

हे आज लिहायचं टाळणार होतो.

सकाळी सरला पालक निवडत होती, अलकनंदा सोफ्यावर फोन घेऊन पडली होती. मी त्यांना कालची हकीगत रंगवून सांगितली. आकडा, आटा, ठिपका, शेवटी चिंच. म्हटलं, बघा तुमच्या अविनाशचे प्रताप.

अलकनंदा म्हणाली, "चिंच म्हणजे इमली ना? पण बाबा, मामा तर ती गोली फक्त गाडीत खातो, त्याला चक्कर येते म्हणून. गनमध्ये कशी जाणार यार?"

सरलाने पालकाची जुडी खाली ठेवली. "चिंच माझी होती," ती म्हणाली.

पूजेच्या दिवशी ताम्हन घासताना तिला गनची नोझल काळवंडलेली दिसली. तांब्याचीच ती. तिने फिरवून काढली, भांड्यांबरोबर घासली, धुतली, परत लावली. "फोटोत छान दिसेल म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला आवडेल वाटलं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"दारावर पाटी होती ना."

"आणि अविनाशला माहीत होतं?"

"त्याने बघितलं होतं मला नळाशी."

मी पुढचं काही विचारायच्या आत अलकनंदा उठली आणि खिडकी लावायला गेली. मी अजून एक शब्दही मोठ्याने बोललो नव्हतो. म्हटलं, "खिडकी कशाला?" ती दचकली. म्हणाली, "हवा खराब आहे, बाबा."

हवा खराब होती हे खरं. पण मग आठवलं की मे महिन्यात, कूलर चालू असतानाही ती अशीच उठून खिडक्या लावायची. तिच्या दहावीच्या वर्षीही. आणि मिश्राजींनी कान दिलेला नव्हता. त्यांना आपोआप ऐकू येत होतं.

मग मीच जाऊन खिडकी उघडली. धूर आत आला, सरलाला खोकला आला, तेव्हा परत लावली.

६ नोव्हेंबर, सोमवार

मुनिरकाला गेलो. अविनाश विद्यापीठात होता तेव्हाची तीच खोली अजून भाड्याने घेऊन राहतो. जिना अंधारा, कठडा नावाला. त्याने चहा टाकला.

मी म्हटलं, "खोटं का बोललास?"

"ताईला बोलला असतात तुम्ही."

"मी तिला बोलत नाही. समजावतो."

"मला मंगळवारी समजावलंत, तसंच ना?" त्याने आवाज चढवला नव्हता. "भाऊजी, मी उठून खोलीवर येऊ शकतो. ताईने कुठे जायचं?"

चहा प्यायलो. मग म्हटलं, "चुकलं माझं." दोनच शब्द. त्याने मान हलवली. कठड्यांचं काम पुरं करून देतो म्हणाला. पुढचं दिवाळीनंतर, जुन्या कंपनीला त्याने अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. "आणि खुराना साहेबांना तुम्ही सांगायचं," तो म्हणाला.

त्याच्यासमोरच फोन लावला. "खुराना साहब, लड़के का हाथ बिल्कुल ठीक था. गलती मेरी थी." खुराना साहेब म्हणाले, "कोई बात नहीं, बस रेलिंग मत हिलने देना."

१० नोव्हेंबर, शुक्रवार

कठडे बसले. अविनाशने चार दिवस जे जोड केले त्यांवर मी बोट फिरवून पाहिलं. नुसत्या बोटाला एकही सापडला नाही. खुराना साहेबांच्या माताजी आल्या, कठड्याला धरून रॅम्प चढल्या, उतरल्या, आणि परत चढल्या. "ठंडा बहुत है," एवढीच तक्रार. थंडीत स्टील गार पडणारच.

अविनाशने जायच्या आधी गन पुसून जागेवर ठेवली. मी पाटीचं काही बोललो नाही, त्यानेही नाही. पुढे येणार की नाही ते विचारायचं जिभेवर आलं होतं, गिळलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

भाऊबीज. अविनाश सकाळीच आला. सरलाने ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कंपनीला काल 'नाही' म्हणून कळवलं. शेडवरच येईन. पण भाऊजी, काही बिघडलं तर आधी विचारायचं, मग बोलायचं." मी म्हटलं, कबूल. इतकं हायसं वाटलं की करंजी घशात अडकली.

जेवण झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. मला बरं वाटत होतं, म्हणून म्हटलं, "आता यापुढे कोणी माझ्यापासून काही लपवायचं नाही. मी ऐकून घेईन." गमतीने म्हणालो होतो.

अलकनंदा म्हणाली, "पक्का?" मग म्हणाली, गाडीच्या मागच्या दाराचा पोचा तिनेच पाडला, मेट्रोच्या पार्किंगमध्ये. मी चौकीदाराला दोष देऊन त्याच्याशी बोलणं टाकलं आहे. मी ऐकून घेतलं. अविनाश म्हणाला, शेडच्या जागेसाठी मी पसंत केलेली पहिली जागा हातची गेली नव्हती, त्यानेच मालकाला नको म्हणून सांगितलं होतं. पत्रे गळके होते. हेही ऐकून घेतलं. हात मांडीखाली घालून बसलो होतो. दोघं हसत होते, मीही हसलो.

सरला विडा लावत होती. खाली बघूनच म्हणाली, "मला चार वर्षांपूर्वी बढती मिळाली होती. नागपूरला. मी नको म्हणून लिहून दिलं."

नागपूरला तिची आई होती. ते सासूबाईंचं शेवटचं वर्ष. सरला तेव्हा दोनदा जाऊन आली होती, आणि दोन्ही वेळा मी तिला परतीचं तिकीट आधीच काढून दिलं होतं. अविनाशने मान वर केली नाही. त्याला माहीत होतं.

अलकनंदाने खिडकीकडे पाहिलं, पण उठली नाही.

"मला का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"तुम्ही समजावलं असतंत," सरला म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. खोलीतल्या कोणाकडेच बघवेना. तिने विडा माझ्या हातावर ठेवला.

"अजून काही आहे का?" मी विचारलं.

तिने पानदान बंद केलं. म्हणाली, "आज एवढं पुरे."